कृष्णवर्णीय अमेरिकन स्त्रिया लिहिण्याला बरं होण्याचा मार्ग मानतात. लिहून खरंच कुणी बरं होतं, की ही नुसती फॅशन?

लिहून गाठ विरघळत नाही. 'लिहा आणि बऱ्या व्हा' असं कुणी सांगत असेल तर ते खोटं आहे. कृष्णवर्णीय अमेरिकन कवयित्री ऑड्री लॉर्ड यांना १९७८ साली स्तनाचा कर्करोग झाला, १९८० मध्ये त्यांचं 'द कॅन्सर जर्नल्स' आलं आणि १९९२ मध्ये त्या कर्करोगानंच गेल्या. पण केमोच्या दिवसांत मला उभं केलं ते याच पुस्तकानं. त्यामुळे तुमच्या प्रश्नातली 'नुसती फॅशन' मला लागली.

त्या पुस्तकातला एक प्रसंग ऐका. ऑपरेशननंतर दहाएक दिवसांनी लॉर्ड डॉक्टरांकडे गेल्या, ब्राच्या आत पॅड न घालता. तिथल्या नर्सनं सुनावलं की असं येत जाऊ नका, इथल्या वातावरणावर परिणाम होतो. लॉर्ड लिहितात, इस्रायलचा सेनानी मोशे दायान डोळ्यावर पट्टी लावून हिंडतो, त्याला कुणी काचेचा डोळा बसवून घे म्हणत नाही. त्याची ती लढाईतली जखम, मग माझी का लपवायची?

मी मूळची सांगलीची, आता अटलांटात असते. माझा एक स्तन काढला तेव्हा घरी कळवलं गेलं ते 'गाठीचं छोटं ऑपरेशन' एवढंच. ठरवलं मोठ्या जाऊबाईंनी. फोनवर म्हणाल्या, "अगं, तुझी मुलगी लग्नाची आहे. स्थळांना कळलं तर काय करशील? झालं ते झालं, उगाळत बसू नकोस." मी तेव्हा गप्प बसले, कारण अंगात भांडायचं त्राण नव्हतं.

पुढे इथल्या एका चर्चच्या तळघरात भरणाऱ्या लेखनगटात जायला लागले. घडीच्या खुर्च्या, कोपऱ्यात कॉफीचं भांडं, आणि सगळ्या स्तनाच्या कर्करोगातून गेलेल्या बायका. माझ्याशिवाय बाकी जवळजवळ सगळ्या कृष्णवर्णीय. नियम एकच: वाचून झाल्यावर कुणी सल्ला द्यायचा नाही आणि देवाची मर्जीही सांगायची नाही. निवृत्त स्कूलबस ड्रायव्हर असलेल्या एक बाई पेन्सिलीनं लिहून आणायच्या. त्यांचं लिखाण म्हणजे तारीख, मी काय सांगितलं, डॉक्टर काय म्हणाले, एवढंच. गाठ दाखवली, म्हणाले कॉफी कमी करा. पुन्हा दाखवली, म्हणाले वजन कमी करा. त्या वाचायच्या आणि चर्चमध्ये प्रवचनाला देतात तसा बाकीच्या हुंकार द्यायच्या, "सांग बाई, सांग!" वाचता वाचता त्यांचा आवाज चढत जायचा. तोच कागद त्यांनी पुढे नव्या डॉक्टरपुढे उभं राहून वाचला आणि राहिलेल्या तपासण्या करून घेतल्या.

बरं होणं म्हणतात ते हे. अमेरिकेत कृष्णवर्णीय स्त्रियांना स्तनाचा कर्करोग गोऱ्या स्त्रियांपेक्षा किंचित कमी होतो, तरी त्यानं मरण्याचं प्रमाण सुमारे ४० टक्के जास्त आहे. उशिरा निदान, उशिरा उपचार, विम्याची बोंब, आणि आजाराचा जास्त घातक प्रकार त्यांच्यात अधिक आढळणं, अशी कारणं एकात एक गुंतलेली आहेत. जिच्या दुखण्यावर समोरचा विश्वासच ठेवत नाही, तिनं आपली हकिकत आपल्या हातानं लिहून ठेवणं हा छंद नव्हे. आरोग्य कार्यकर्त्या बिली एव्हरी यांनी १९८३ मध्ये याच अटलांटात, स्पेलमन कॉलेजात, कृष्णवर्णीय स्त्रियांच्या आरोग्यावर परिषद भरवली. त्यातून उभ्या राहिलेल्या कामाचा कणा म्हणजे बायकांचे छोटे गट, एकमेकींना आपली गोष्ट सांगणारे. रक्तदाबाबद्दल बोलायला बसलेल्या बायका घरातल्या मारहाणीवर येत. गोळ्या कुणीही लिहून देईल, मारहाणीचं कोण विचारणार?

आणि हो, लॉर्ड यांनी स्वतःला जपण्याबद्दल १९८८ च्या पुस्तकात लिहिलं ते कर्करोग यकृतात पोचल्यावर. त्यांचे तेच शब्द आता मेणबत्त्या आणि आंघोळीच्या क्षारांवर छापून विकतात, त्याला फॅशन म्हणा. मी भांडणार नाही.

आपल्याकडे हे नवं आहे असंही समजू नका. 'जिणं आमुचं' या आत्मकथनाच्या लेखिका बेबीताई कांबळे फलटणच्या दुकानात बसून, नवऱ्याला कळू न देता, वर्षानुवर्षं लिहीत होत्या. लपवून का होईना, पण लिहिलं.

मी माझ्या ऑपरेशनवर इथल्या मंडळाच्या दिवाळी अंकात लिहिलं. जाऊबाईंचा फोन आला, "घराची अब्रू वेशीला टांगलीस." या वेळी मी उत्तर दिलं. माझी मावशी गेली तेव्हा आम्हाला सांगितलं होतं की तिला ताप होता. तिला स्तनाचा कर्करोग होता, हे मला माझ्या निदानानंतर आईकडून कळलं. आधी कळलं असतं तर मी वेळेवर मॅमोग्राफी करून घेतली असती. कोणाची अब्रू राखली त्या तापानं? माझ्या मुलीला आता तिच्या डॉक्टरला खरं सांगता येतं. तिचं लग्न ठरेल तेव्हा ठरेल.

एक राहिलं. लिहायला बसल्यावर सुरुवातीला बऱ्याच जणींना जास्तच त्रास होतो. ठरावीक वेळ मनातलं लिहून काढण्यावर १९८० च्या दशकापासून संशोधन झालंय, फायदा दिसतो पण बेताचा, आणि सगळ्यांना सारखा नाही. झोप उडाली, जीव नकोसा वाटला तर वही बाजूला ठेवून डॉक्टर गाठा. छापायलाच हवं असंही नाही, पण निदान एका माणसाला वाचून दाखवा. आणि आजी, मावशी, आत्या कशानं आणि कितव्या वर्षी गेल्या ते आईला विचारून लिहून ठेवा, पुढच्या तपासणीला सोबत न्या.