एकटं असलं की जास्त दुखतं, हे खरं का?

प्रश्न : माझं वय ६८, राहायला मिरजेत. मिस्टर गेल्यापासून घरी मी एकटीच, मुलगा-सून बंगळूरला. गुडघे झिजलेत, एक्स-रे काढलाय, गोळ्या चालू आहेत. दुपारी शेजारची मुलं अभ्यासाला येतात तोवर काही जाणवत नाही, पण ती गेली आणि घर रिकामं झालं की गुडघे असे ठणकायला लागतात की पाणी प्यायला उठवत नाही. दिवाळीत मुलगा आला होता तेव्हा मात्र त्याच्याबरोबर बाजारात फिरले, म्हणून सून म्हणते, आई तुमचं दुखणं मनाचं आहे. मी खरंच नाटक करते का हो?
– एक वाचक, मिरज

उत्तर : काकू, नाटक अजिबात नाही, हे आधी मनातून काढून टाका. एक्स-रेमध्ये झीज दिसते, दुखणं दिसत नाही, आणि तीच झीज असलेला गुडघा दुपारी कमी आणि रात्री जास्त दुखू शकतो यात खोटं काहीच नाही. गुडघ्यातून निघालेला संदेश थेट मेंदूत जाऊन आदळत नाही, वाटेत मज्जारज्जूत तो कमी-जास्त होतो, हे १९६५ साली रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल या दोघांनी मांडलं आणि त्यानंतर दुखण्याकडे बघायची सगळी पद्धतच बदलली. मेंदू वरून खाली निरोप धाडून दुखणं दाबतो, त्यासाठी शरीर स्वतःच एंडॉर्फिनसारखी द्रव्यं तयार करतं. पण भीती असेल, झोप नीट नसेल, सगळं लक्ष त्या गुडघ्यावरच असेल, तर हे दाबणं ढिलं पडतं. आता तुमची संध्याकाळ बघा, मुलं गेली, बोलायला कोणी नाही, आणि डोक्यात एकच, रात्री बाथरूममध्ये पडले तर उचलणार कोण.

२००६ साली अमेरिकेत जेम्स कोअन आणि सहकाऱ्यांनी १६ विवाहित बायकांना एमआरआयच्या मशीनमध्ये झोपवून शॉक बसेल अशी भीती घातली. नवऱ्याचा हात हातात असला की मेंदूतली धोक्याची गडबड बरीच शांत व्हायची, परक्या माणसाच्या हातानेही थोडी व्हायची, आणि ज्यांचं नवऱ्याशी चांगलं जमायचं त्यांची सगळ्यात जास्त. २००९ च्या दुसऱ्या एका प्रयोगात तरुण मुलींच्या हाताला चटका बसेल इतकी उष्णता दिली, तेव्हा पडद्याआडून आपल्या प्रियकराचा हात धरलेला असताना दुखणं कमी वाटलं, आणि मला सगळ्यात जास्त आवडलेली गोष्ट म्हणजे स्क्रीनवर नुसता त्याचा फोटो दिसला तरी कमी वाटलं.

अजून एक आहे, तो सूनबाईंनी जरूर वाचावा. २००३ मध्ये विद्यार्थ्यांना बर्फगार पाण्यात हात घालायला लावला. एकट्याने हात घातलेल्यांना जास्त दुखलं, सोबत कोणी असलेल्यांना कमी, मग ती व्यक्ती ओळखीची असो की अनोळखी, धीर देणारी असो की नुसती गप्प बसलेली. पण सोबतच्या माणसाशी नुसत्या इकडच्यातिकडच्या गप्पा झाल्या तर तेवढा फायदा दिसला नाही! म्हणजे आपल्यासाठी कोणीतरी इथे आहे, एवढं शरीराला कळावं लागतं.

सगळे अभ्यास एकाच सुरात बोलतात असं मात्र नाही. 'तुम्ही आयुष्यात पुढे एकटे पडणार' असं खोटंच सांगितल्यावर काही लोकांना उलट कमी दुखलं, जणू बधिर झाले, असंही २००६ मध्ये दिसलंय. आणि घरातली माणसं सारखी हळहळत असतील, हे करू नकोस ते उचलू नकोस म्हणत असतील, तर जुनाट पाठदुखीच्या पेशंटना दुखणं जास्त जाणवतं हेही माहीत आहे. त्यामुळे मुलाने रोज संध्याकाळी व्हिडिओ कॉल करावा, पण पहिला प्रश्न 'गुडघा कसाय' हा नको. फोन समोर ठेवून त्याने त्याचा स्वयंपाक करावा, तुम्ही तुमच्या मांडीचे व्यायाम करा, खुर्चीत बसून पाय सरळ करायचा, थोडा वेळ धरायचा, सोडायचा. गुडघ्याच्या झिजेवर व्यायाम हा गोळीइतकाच महत्त्वाचा उपचार आहे, तो टाळू नका. बाथरूममध्ये धरायला दांडा बसवून घ्या आणि रात्रीचा दिवा लावा, भीती कमी झाली की त्याचाही उपयोग होतो.

शिवाय दिवसभर उभं राहून संध्याकाळी गुडघे दुखणं हे झिजेत असतंच, सगळं एकटेपणावर ढकलू नका. गुडघा गरम, लाल, सुजलेला वाटला, ताप आला किंवा दुखण्याने झोपेतून जाग यायला लागली तर लगेच डॉक्टरांना दाखवा.

प्रश्न : बायकोला आठवा महिना चालू आहे, सरकारी दवाखान्यात नाव घातलंय. कळांच्या वेळी मी आत थांबलो तर तिला खरंच फरक पडेल का? आई म्हणते पुरुषाचं तिथे काय काम.
– एक वाचक, चाळीसगाव

उत्तर : फरक पडतो, आणि याचा पुरावा वरच्या सगळ्या प्रयोगांपेक्षा भक्कम आहे. २०१७ च्या एका मोठ्या आढाव्यात २६ चाचण्या, १५ हजारांहून जास्त बायका होत्या. ज्यांच्याजवळ कोणीतरी सतत होतं त्यांना दुखणं कमी करायची औषधं कमी लागली, कळा थोड्या लवकर आटोपल्या, सिझरही कमी झाली. ग्वाटेमालात तर १९८० साली अनोळखी बाईला जवळ बसवलं होतं, पाठ चोळायला, हात धरायला, बोलायला, तरी उपयोग झाला.

आपल्याकडे केंद्र सरकारने २०१६ मध्येच सरकारी दवाखान्यांत प्रसूतीच्या वेळी सोबतीण ठेवायला परवानगी दिली आहे. ती शक्यतो स्वतः बाळंतपणातून गेलेली बाई असावी, आणि लेबर रूममध्ये आडोसा नीट असेल तर नवऱ्यालाही थांबता येतं. म्हणून आत्ताच जाऊन सिस्टरना विचारा, पडदे आहेत का, मला थांबता येईल का. नाही म्हणाल्या तर आईंना तयार करा, त्या बाळंतपणातून गेल्यात, त्यांनी हात धरला तर फार चांगलं. फक्त आत असलेल्याने मधेच बाहेर जायचं नाही आणि स्टाफच्या कामात पडायचं नाही.

प्रश्न : व्हॉट्सअ‍ॅपवर आलंय की पॅरासिटामॉल घेतली की एकटेपणाचं दुःखही कमी होतं. आई गेल्यापासून बाबा रात्री झोपताना एक घेतात. चालेल का?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : २०१० मध्ये कॉलेजच्या मुलांवर असा अभ्यास झाला होता, तीन आठवडे रोज गोळी घेतल्यावर मन दुखावल्याची भावना थोडी कमी झाली. पण परिणाम लहान होता, आणि नंतरच्या अभ्यासांत तो दरवेळी दिसला नाही. त्यावरून वडीलधाऱ्या माणसाला रोज गोळी द्यायची हे चूक आहे. धडधाकट मोठ्या माणसाची मर्यादा दिवसाला ४ ग्रॅम, म्हणजे ५०० च्या आठ गोळ्या, पण वजन कमी असेल, लिव्हरचा त्रास किंवा दारू असेल तर त्याहून बरीच कमी, आणि सर्दीच्या बऱ्याच गोळ्यांतही हेच औषध असतं, ते मोजणीत धरलं जात नाही. बाबांच्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं घेऊन डॉक्टरांकडे जा, आणि झोप लागत नाही, जेवण कमी झालंय, कशात मन लागत नाही असं असेल तर तेही तिथेच सांगा, त्याच्यावर वेगळे उपचार आहेत.