पापण्या जांभळट, उठताना हात टेकावा लागतो

प्रश्न : आई ५२ वर्षांची, घरी विड्या वळते. दोन महिने झाले, पापण्या जांभळट झाल्यात, बोटांच्या सांध्यांवर लालसर खवलेदार उंचवटे आलेत. आता जमिनीवरून उठताना हात टेकावा लागतो. मलमाने गुण नाही. – एक वाचक, निपाणी

उत्तर : हे नुसतं कातडीचं दुखणं वाटत नाही. पापण्या, बोटांचे सांधे आणि मांड्यांतली कमजोरी एकत्र दिसली की डर्मॅटोमायोसायटिसचा संशय घ्यावाच लागतो. यात प्रतिकारशक्ती स्वतःच्याच स्नायूंवर आणि त्वचेवर उलटते. याच आठवड्यात बेळगावला संधिवाततज्ज्ञांना किंवा फिजिशियनना दाखवा.

रक्तात सीपीके (स्नायूंना इजा झाली की वाढणारं एन्झाइम) तपासायला सांगतील. एसजीओटी (यकृताच्या तपासणीत मोजतात ते एन्झाइम) वाढलेलं पाहून कावीळ समजून झाडपाल्याचं औषध सुरू करू नका. एसजीओटी स्नायूंतूनही रक्तात उतरतं. सीपीके नॉर्मल आलं तरी हा आजार नाही असं ठरत नाही. या वयात सोबत कर्करोग दडलेला असू शकतो, म्हणून स्तन, अंडाशय, फुप्फुसं यांची तपासणी टाळू नका, आई कितीही नको म्हणाल्या तरी.

घास अडकला, पाणी नाकातून आलं किंवा धाप लागली, तर त्याच दिवशी दवाखान्यात दाखल करा. उन्हाने चट्टे वाढतात. बाहेर पडताना पदर, लांब बाह्या हव्यातच. स्टिरॉइड सुरू झालं की बरं वाटलं म्हणून एकदम सोडू नका. डोस डॉक्टरच हळूहळू उतरवतात, त्याला कित्येक महिने लागतात.