ऐरोलीत पिल्लू आणलंय? आधी लसीचं पुस्तक, मग परवाना, मग सेक्रेटरी

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. महिन्यापूर्वी ऐरोलीला भाड्याच्या घरात आलात, अडीच महिन्यांचं लॅब्रेडॉरचं पिल्लू आणलंत आणि चौथ्या दिवशी सेक्रेटरींनी सोसायटीच्या ग्रुपवर तीन अटी टाकल्या: महापालिकेचा परवाना दाखवा, कुत्रा लिफ्टमध्ये आणायचा नाही आणि दरमहा पाचशे रुपये 'पेट चार्ज' भरा. शिवाय वहिनी विचारताहेत, रविवारी त्याला ठाण्याच्या येऊरच्या जंगलात नेता येईल का.

सेक्रेटरींचं पहिलं बरोबर आहे, बाकीची दोन चूक. पण भांडायला जाल तर पहिलं पूर्ण करूनच जा. मी नेरूळला सतरा वर्षं राहतेय, सध्याचा बंड्या आमचा तिसरा कुत्रा. इतक्या वर्षांत दोन कमिट्यांशी वाद झाले. ज्या वेळी कागद हातात होते त्या वेळी वाद दहा मिनिटांत संपला, नव्हते तेव्हा तो आठ महिने चालला.

तर परवाना. ठाणे आणि नवी मुंबई या दोन्ही महापालिकांना 1949 चा महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम लागू आहे आणि कुत्र्यांच्या नोंदणीची तरतूद त्यातच आहे. मुंबईचा कायदा वेगळा, 1888 चा, त्यामुळे दादरच्या मावसभावाने काय केलं ते विचारत बसू नका. आपली हद्द कोणती हे मात्र नीट बघा. खारघर, कामोठे, कळंबोली लोक बोलताना नवी मुंबईत धरतात, पण ते 2016 पासून पनवेल महापालिकेत आहेत. घोडबंदर रोडवर फार पुढे गेलात तर मीरा-भाईंदर लागतं. आमच्या ओळखीचे एक काका खारघरचे कागद घेऊन बेलापूरच्या मुख्यालयात तीन मजले फिरले होते. तुम्ही ऐरोलीचे, म्हणजे नवी मुंबई महापालिका. आधी त्यांचं संकेतस्थळ बघा, नाहीच जमलं तर ऐरोली विभाग कार्यालयात जा. रेबीजच्या लसीचा दाखला, पत्त्याचा पुरावा (भाडेकरू असाल तर नोंदणी केलेला भाडेकरार) आणि कुत्र्याचा फोटो असा गठ्ठा तयार ठेवा. फी खिडकीवर विचारून भरा आणि पावती घ्या. एजंट लावण्यासारखं यात काहीही नाही.

आता गंमत अशी की तुमच्या पिल्लाचा परवाना आज निघणारच नाही. रेबीजची पहिली लस साधारण तीन महिन्यांची झाल्यावर देतात, तो अजून अडीचचाच आहे. सेक्रेटरींना हेच लेखी कळवा: लस अमुक तारखेला, त्यानंतर अर्ज. तोवर पार्व्हो, डिस्टेंपर या कुत्र्यांच्या जीवघेण्या आजारांवरची लस, जिला सगळे 'सेव्हन इन वन' किंवा 'नाइन इन वन' म्हणतात, तिचे डोस डॉक्टरांच्या तारखांप्रमाणे चालू द्या. ते पूर्ण होईपर्यंत त्याला रस्त्यावर खाली सोडू नका, उचलूनच न्या. पार्व्होने पिल्लू दोन-तीन दिवसांत जाऊ शकतं.

लसीच्या पुस्तकात प्रत्येक डोसपुढे बाटलीवरचं स्टिकर, तारीख, डॉक्टरांची सही आणि नोंदणी क्रमांक असलाच पाहिजे. मी एकदा स्टिकर न लावणाऱ्या एका डॉक्टरांकडे गेले होते. 'ताई, मी लिहिलंय ना!' असं म्हणाले. पुढे पावसात पुस्तक भिजलं, निळी शाई पसरली आणि तारीख वाचता येईना. खिडकीवरच्या कारकुनाने परत पाठवलं, गावाला जाताना कुत्रे सांभाळणाऱ्या बोर्डिंगवाल्यानेही घेतलं नाही. शेवटी राणीला, म्हणजे आमच्या आधीच्या कुत्रीला, पुन्हा लस टोचावी लागली. तेव्हापासून प्रत्येक पानाचा फोटो काढते.

आता लिफ्ट आणि पाचशे रुपये. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाची फेब्रुवारी 2015 ची मार्गदर्शक सूचना आहे. पाळीव प्राण्यांवर सोसायटी बंदी घालू शकत नाही, बहुमताने ठराव केला तरी नाही. लिफ्ट नाकारता येत नाही आणि त्यासाठी जादा पैसेही मागता येत नाहीत, असं तिचं सार. तिची प्रत काढून सेक्रेटरींना द्याल त्या पत्राला जोडा. मात्र त्याच कागदात पट्टा बांधा, घाण उचला, शेजाऱ्यांना त्रास होऊ देऊ नका, हेही सांगितलंय. फक्त आपल्या सोयीचा परिच्छेद वाचून दाखवणारे कुत्रेवाले मी पुष्कळ पाहिलेत. आणि एक भानगड तुम्ही लिहिलेली नाही: तुमच्या भाडेकरारात प्राणी पाळायचे नाहीत असं कलम आहे का? असलं तर ते घरमालक आणि तुमच्यातलं आहे, तिथे मंडळाची सूचना दाखवून उपयोग नाही. आजच करार वाचा.

लिफ्टमध्ये लहान मूल किंवा म्हातारं माणूस असेल तर थांबा, पुढची घ्या. कायद्यात हे कुठे लिहिलेलं नाही. आमच्या मजल्यावरच्या आजी बंड्याला घाबरायच्या, आता त्याच त्याला बिस्किट मागवतात (मी नको म्हणते, कोण ऐकतंय).

शीचं म्हणाल तर वर्तमानपत्र सगळ्यात सोपं. तो बसायला लागला की खाली कागद सरकवायचा, गुंडाळायचं, घरी आणून शौचालयात रिकामं करायचं. पट्ट्याला एक पिशवी कायम अडकवलेली असू द्या, खिशात ठेवलेली राहून जाते. नवी मुंबई स्वच्छ सर्वेक्षणात वरच्या नंबरांत असते, त्यामुळे इथे सकाळी सकाळी फुटपाथवर कोणी बोट दाखवलं तर ते तुमच्याकडेच दाखवणार.

पट्टा सहा फुटी घ्या, तो लांब सुटणारा रीळवाला नको. पट्टा न घालता सोडलेला कुत्रा कोणाला चावला तर नवीन भारतीय न्याय संहितेत, कलम 291 खाली, निष्काळजीपणासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. लॅब्रेडॉर सहसा चावत नाही हे मलाही माहीत आहे. तो अंगावर उडी मारतो आणि सत्तर वर्षांचा माणूस त्याने पडतो.

चाव्याचा विषय निघालाच आहे तर हे घरच्या सगळ्यांना सांगून ठेवा. पिल्लाचे दात लागून रक्त आलं तरी जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायची. हळद, चुना, तेल काही लावायचं नाही. मग त्याच दिवशी दवाखान्यात जायचं. ऐरोलीला महापालिकेचं राजमाता जिजाऊ रुग्णालय आहे, ठाण्यात कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय. पुढच्या डोसांच्या तारखा चुकवायच्या नाहीत. 'आपलंच तर पिल्लू' म्हणून सोडून देऊ नका, त्याला अजून रेबीजची लस झालेली नाही.

गल्लीतल्या कुत्र्यांशी तुमचा रोज संबंध येईल. ज्याच्या कानाला खाच दिसेल त्याची नसबंदी झालेली असते, 2023 च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसार ते काम महापालिकेचं. खायला घालायची जागा सोसायटीने ठरवायची. जिन्याजवळ, गेटजवळ आणि मुलांच्या खेळण्याच्या जागी नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या 22 ऑगस्ट 2025 च्या आदेशानंतर रस्त्यावर कुठेही घालणं बंद, ठरवून दिलेल्या जागीच. आपल्याकडे एका मोठ्या सोसायटीतला हा वाद थेट उच्च न्यायालयात गेला होता, तेव्हा ग्रुपवर या विषयावर लिहिताना जपून.

पावसाळा सुरू झाला की साचलेल्या पाण्यातून त्याला नेऊ नका. उंदरांच्या मुतातून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) हा आजार पसरतो आणि तो माणसांनाही होतो. नेहमीच्या डोसात लेप्टोची लस आहे का, डॉक्टरांना विचारा. गोचीड कानात आणि बोटांच्या मध्ये रोज बघा. त्याने जेवण सोडलं, ताप आला, तर 'उद्या बघू' म्हणू नका, रक्त तपासून घ्या. रात्री उघडा असणारा दवाखाना आजच शोधून ठेवा. काही मोठं झालं तर परळचं बाई साकरबाई दिनशॉ पेटिट प्राण्यांचं रुग्णालय आहेच, पण ऐरोलीहून मुलुंडमार्गे ट्रॅफिकमध्ये किती वेळ लागतो ते एकदा जाऊन बघा.

आता येऊर. वहिनींना सांगा, नाही. तो संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे, आत पाळीव कुत्रा चालत नाही आणि तिथल्या बिबट्यांना कुत्रा म्हणजे आयतं जेवण. ऐरोलीच्या खाडीकडेही पट्टा सोडू नका. ते ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य आहे, हिवाळ्यापासून मेपर्यंत चिखलात पक्षी उतरलेले असतात, आणि लॅबला पाणी दिसलं की तो कोणाचं ऐकत नाही. बंड्याला मी एकदा तिथून चिखलाने माखलेला उचलून आणलाय, माझी चप्पल अजून तिथेच आहे.