कवळ म्हणजे घासच का?

एका आईचा प्रश्न आहे. मुलाच्या शाळेत डबा उघडण्याआधी ‘वदनि कवळ घेता’ म्हणतात. कवळ म्हणजे काय, असं त्यानं विचारलं. ‘घास’ असं तिनं सांगितलं, तर म्हणाला, मग घासच का नाही म्हणत?

आईचं उत्तर बरोबर आहे, पण मुलाची शंका अगदी रास्त आहे.

कवळ म्हणजे संस्कृत ‘कवल’. कमलचं कमळ झालं, फलचं फळ झालं, तसंच हे. अर्थ, तोंडात घेतलेला घास. यातलं ‘तोंडात घेतलेला’ महत्त्वाचं. घास हातातच तयार होतो. वरणभात कालवून चार बोटांवर गोळा केला, अंगठ्यानं पुढे सारला, की झाला घास. तोंड अजून लांबच असतं. चिऊचा घास, काऊचा घास हा आईच्या हातातलाच. ‘हातातोंडाशी आलेला घास’ हिरावला जातो तोही तोंडात पडण्याआधीच. पुढे तो घशात अडकतो, दुःखात घशाखाली उतरत नाही. म्हणजे घासाचा पल्ला हातापासून घशापर्यंत, आणि कवळाचा मुक्काम तोंडात. शाकुंतलाच्या चौथ्या अंकात शकुंतला आश्रम सोडून निघते तेव्हा हरिणींच्या तोंडातून दर्भाचे कवल गळून पडतात. तिथे हाताचा संबंधच नाही.

आयुर्वेदानं हा शब्द आणखी घासूनपुसून वापरला आहे. औषधी काढा किंवा तेल तोंडात धरायचं असतं तेव्हा सुश्रुत दोन प्रकार सांगतो. सहज इकडून तिकडे फिरवता येईल इतकं घेतलं तर तो कवल. हलवताच येऊ नये इतकं तोंड भरलं तर गंडूष. म्हणजे कवळ म्हटलं की तोंडात फिरायला जागा राखलेली आहेच!

मला ही जागा फार मोलाची वाटते, कारण चावणं हे एकट्या दातांचं काम नाही. जीभ अन्न दाढांवर आणून टाकते, गाल ते आतून पुन्हा लोटतात, आणि या उलथापालथीत लाळ मिसळते. दिवसाला साधारण लीटर-दीड लीटर लाळ आपल्या तोंडात तयार होते. तिच्यातलं अमायलेज हे पाचक द्रव्य पिठूळ पदार्थाची साखर करायला तिथेच सुरुवात करतं. मुलाला करून दाखवा: पोळीचा कोरडा तुकडा, भाजीशिवाय, गिळायची घाई न करता चावत राहायचा. थोड्या वेळानं तो गोडसर लागायला लागतो. तोंड गच्च भरलं तर जिभेला अन्न घोळवायलाच जागा उरत नाही. अशा भरलेल्या तोंडाला आपल्याकडे बोकाणा हा फर्मास शब्द आहे. म्हणतानाच गाल फुगतात. पानाचा असेल तर तोबरा. तोबरा म्हणजे मुळात घोड्याच्या तोंडाला बांधायची चंदीची पिशवी.

आता श्लोकात घास का नाही? एक कारण वृत्ताचं. हा श्लोक मालिनी वृत्तात आहे, आणि मालिनीच्या ओळीत पहिली सहा अक्षरं लघू लागतात: व-द-नि-क-व-ळ. ‘घास’मधला घा गुरू, तो इथे बसतच नाही. ‘वदनि’मधला नि ऱ्हस्व आहे तोही याचमुळे. बरेच जण ‘वदनी’ लिहितात, म्हणताना मात्र आपोआप ऱ्हस्वच म्हणतात.

जाता जाता, ‘वदन’कडेही मुलाचं लक्ष वेधा. आपलं ‘तोंड’ आलं तुंडापासून, म्हणजे चोच किंवा मुस्कट, खाण्याचं हत्यार. ‘वदन’ मात्र वद् या धातूपासून, बोलणारा अवयव. कवळ घ्यायचा तो वदनात, आणि त्याच ओळीत त्याच वदनानं नामही घ्यायचं.