चारोळी नक्की कशाची असते आणि एवढी महाग का?

श्रीखंडावर दिसणारी चारोळी झाडाला लागते की कुठल्या फळभाजीची बी असते, आणि एवढी महाग का, असं तुम्ही विचारलंय. टरबुजाच्या मगजाशी, म्हणजे सोललेल्या बियांशी, तिची गल्लत बऱ्याच जणांची होते. पण चारोळी झाडाचीच, आणि बहुतेक सगळी जंगलातून गोळा केलेली.

झाडाचं नाव चार. आंबा, काजू, पिस्ता यांच्या कुळातलं. विदर्भ, मध्य प्रदेश, छत्तीसगडच्या पानझडी जंगलांत सापडतं. साल काळपट, चौकोनी भेगा पडलेली, थेट मगरीची पाठ. एप्रिल-मेमध्ये वाटाण्यापेक्षा जराशी मोठी फळं पिकून जांभळी-काळी होतात. गर नावापुरताच, पण आंबटगोड. लहानपणी आम्ही ही चारं मूठ-मूठ खायचो आणि बिया थुंकायचो. म्हणजे खरा माल थुंकत होतो!

महाग का, ते एक बी फोडून बघितलीत की कळेल. कवच इतकं टणक की दातांनी फोडायचा विचारही करू नका. दगडाने हलकेच ठोकलं तर दोन शिंपल्या उघडतात आणि आत मसुरीएवढा एकच दाणा. जरा जोरात बसला की पीठ. त्यामुळे फळं रात्रभर पाण्यात भिजवायची, चोळून साल-गर काढायचा, बिया उन्हात कडकडीत वाळवायच्या, जात्यात बेताने भरडायच्या आणि सुपाने पाखडून दाणे वेगळे करायचे. आता यंत्रं आहेत, तरी वेचणी हातानेच. त्यात भर म्हणजे दुसऱ्याने आधी नेऊ नये म्हणून वेचणारे फळं कच्चीच ओरबाडतात, फांद्याही तोडतात. अशा बियांतला दाणा सुरकुतलेला निघतो आणि पुढच्या वर्षीचं पीकही घटतं.

खाण्याचं म्हणाल, तर बासुंदी, खीर, मसाला दूध तुम्हाला माहीत असेलच. पण माझ्या मते तिची खरी जागा नागपुरी पुडाच्या वडीत. कोथिंबीर, खसखस, सुकं खोबरं आणि दाताखाली मधूनच येणारी चारोळी, त्याला तोड नाही. मध्य प्रदेशातल्या सागर शहराकडे तिची बर्फी करतात. रश्श्याला दाटपणा आणायलाही काजूऐवजी भिजवून वाटून घालता येते, चव जरा सौम्य लागते.

दाण्यात जवळजवळ निम्मं तेल असतं, म्हणून ती लवकर खवट होते. घेताना दोन दाणे चावून बघा, घशाशी कडवट लागले तर घेऊ नका. घरी आणल्यावर घट्ट झाकणाच्या बरणीत, फ्रिजमध्ये. आणि भाजायचीच असेल तर मंद आचेवर, कढईजवळून हलू नका. मी एकदा फोन घ्यायला गेलो आणि पावशेर चारोळी काळी करून ठेवली.