दोन पासपोर्ट असतील तर कुठला कुठे दाखवायचा?

तिकीट काढण्याआधी दोन्ही पासपोर्ट शेजारी ठेवा आणि नावाचं स्पेलिंग अक्षर न् अक्षर ताडून बघा. एकात लग्नाआधीचं आडनाव आणि दुसऱ्यात नंतरचं, हा घोळ फार जणांचा होतो. तसं असेल तर विवाह नोंदणीचा दाखला हातातल्या बॅगेत हवा, सामानात नको.

मूळ नियम सोपा आहे. ज्या देशाचे तुम्ही नागरिक, त्या देशात शिरताना त्याचाच पासपोर्ट दाखवायचा. अमेरिकेत तर कायद्यानेच आपल्या नागरिकाला येताना-जाताना अमेरिकन पासपोर्ट लागतो. कॅनडाने नोव्हेंबर 2016 पासून विमानात चढण्यासाठीच कॅनेडियन पासपोर्ट सक्तीचा केला (दुहेरी अमेरिकन-कॅनेडियन नागरिकांना सूट आहे). म्हणजे अडवणूक उतरल्यावर नाही, निघतानाच होते. माझंही तसंच झालं होतं. काउंटरवरच्या बाईंनी माझा पासपोर्ट उलटून पाहिला आणि शांतपणे विचारलं, "व्हिसा कुठाय?" दुसरा पासपोर्ट घरच्या कपाटात होता. ते विमान गेलं.

तेव्हा चेक-इनला पोचायच्या देशाचा पासपोर्ट द्या, पण निघताना इमिग्रेशनला, ज्या देशातून निघताय त्यात ज्यावर शिरला होतात तोच. दोन्हींची मुदत आधीच बघून ठेवा. परदेशातून नूतनीकरणाला आठवडेच्या आठवडे जातात.

आणि भारताचं म्हणाल, तर आपल्याकडे दुहेरी नागरिकत्व नाही. ओसीआय (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं 'ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया' कार्ड) म्हणजे नागरिकत्व नव्हे. परदेशी नागरिकत्व घेतलं की भारतीय पासपोर्ट सरेंडर करा, त्यावर प्रवास करूच नका.