कणीस शेंड्याला, खेळाडू पाठीला पाठ: मुलांच्या चित्रपुस्तकांविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न: पाचवीच्या मुलांकडून ‘आपलं अन्न कसं तयार होतं’ आणि ‘आपला व्यायाम’ अशी दोन चित्रपुस्तकं करून घ्यायची आहेत. दुसरं पुस्तक ‘रोज व्यायाम करावा’ अशा उपदेशावरच संपतं. काय करावं? (शिक्षिका, सोलापूर जिल्हा)

दोन करू नका, एकच करा. तुमच्याकडे रब्बी ज्वारी आहे. ती पेरण्यापासून भाकरी ताटात पडेपर्यंत प्रत्येक टप्प्यावर माणसाचं अंग हलतं. डाव्या पानावर शेतातलं किंवा घरातलं काम आणि उजव्या पानावर तीच हालचाल असलेला खेळ, अशा सात जोड्या सहज जमतात. तिफणीमागे (पेरणीच्या औतामागे) चालणं आणि चालण्याची शर्यत. खुरपणीची उकिडवी बैठक आणि खो-खोत बसलेला गडी. शेतातल्या माळ्यावरून (मचाणावरून) पाखरांवर गोफण फिरवणं आणि लगोरीचा नेम. ज्वारी मुळासकट उपटणं आणि रस्सीखेच. उफणणीत सूप डोक्यावर धरणं आणि सूर्यनमस्कारात हात वर घेणं. जातं आणि फुगडी. भाकरी थापणं आणि टाळ्यांचा खेळ.

उपदेशाचं वाक्य काढून टाका आणि त्या जागी मुलांनी मोजलेलं काहीतरी येऊ द्या. फुगडीच्या आधी आणि लगेच नंतर 15 सेकंद नाडी मोजायची, चारने गुणायचं आणि दोन्ही आकडे चित्राखाली लिहायचे. पाच ते सतरा वर्षांच्या मुलांना दिवसाला सरासरी 60 मिनिटं दम लागेल अशी हालचाल हवी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. हे वाक्य पुस्तकात एकदाच आलं तरी पुरे. एक काळजी मात्र घ्या. शेतात राबलं की खेळायची गरज नाही, असा अर्थ पुस्तकातून निघता कामा नये. कामाच्या चित्रात मोठी माणसं असू द्या, खेळाच्या चित्रात मुलं.

प्रश्न: मुलांनी काढलेली ज्वारी मक्यासारखी दिसते आणि खेळणारी मुलं लाकडी बाहुल्यांसारखी. चित्रकलेचे शिक्षक शाळेत नाहीत. (मुख्याध्यापक, बीड जिल्हा)

ज्वारीची चूक नेहमी एकाच ठिकाणी होते. मक्याचं कणीस पानाच्या बगलेतून निघतं, ज्वारीचं ताटाच्या, म्हणजे धांड्याच्या, शेंड्याला येतं. मुलं पुस्तकातला मका आठवून चित्र काढतात. एक ताट वर्गात आणा आणि रंग हातात देण्याआधी चार गोष्टी बघायला सांगा: ताटावरची पेरं, एक पान डावीकडे तर पुढचं उजवीकडे, पानाच्या मधोमध फिकट शीर आणि शेंड्याला दाटीनं भरलेलं कणीस. उंचीही तपासा. मालदांडी ही रब्बी ज्वारीची जात माणसाच्या डोक्यावरून जाते. चित्रात ती गुडघ्याइतकी असेल तर तो गहू वाटतो.

ऋतूही चुकतो. मुलं सवयीनं शेतावर ढग आणि पाऊस काढतात. रब्बी ज्वारीची पेरणी सप्टेंबर-ऑक्टोबरात होते, हुरडा थंडीत येतो आणि काढणी फेब्रुवारी-मार्चमध्ये. पीक वाढतं ते मुख्यतः काळ्या जमिनीत साठलेल्या ओलीवर. म्हणून हुरड्याच्या चित्रात आकाश मोकळं, माणसांच्या अंगावर घोंगडी आणि जमिनीला भेगा हव्यात. त्या भेगा काढायला मुलांना फार आवडतं.

लाकडी माणसांवर उपाय म्हणजे सांध्यांची बाहुली. जुन्या वहीच्या पुठ्ठ्यातून दहा तुकडे कापा: डोकं, धड, दोन दंड, कोपरापुढचे दोन हात, दोन मांड्या, दोन पोटऱ्या. डोकं 3 सें.मी. ठेवलं तर उभी बाहुली 18 सें.मी.च्या आसपास व्हावी. दहा वर्षांच्या मुलाची उंची साधारण त्याच्या सहा डोक्यांएवढी असते. सांध्याच्या टोकापासून 5 मि.मी. आत दाभणानं भोक पाडा, दोरा ओवून दोन्ही बाजूंना गाठ मारा. गाठ तुकड्याला घट्ट टेकली तर सांधा फिरत नाही, म्हणून मध्ये एका कागदाची जाडी मावेल एवढी ढील ठेवा. बाहुली कागदावर ठेवून हवी ती ढब द्या, कडेनं पेन्सिल फिरवा आणि मग कपडे काढा.

ढब निवडताना हालचालीचं टोक पकडा. गोफणीचा दगड सुटल्यानंतरचं चित्र थंड वाटतं. हात खांद्यामागे गेलाय, दोर ताणलाय आणि वजन मागच्या पायावर आहे, तो क्षण बोलतो. खो-खोत आणखी एक चूक होते: बसलेले आठही गडी वाचकाकडे तोंड करून काढले जातात. शेजारचे दोघे नेहमी उलट दिशांना बघतात आणि नववा पाठलाग करतो. आधी मैदान वरून पाहिल्यासारखं काढून आठ बाण दाखवायला सांगा, मग माणसं काढा.

प्रश्न: पानं शिवल्यावर क्रम चुकतो. दुसऱ्या पानाशेजारी अकरावं येतं. (वाचक, ठाणे)

सोळा पानांना ए-4 चे चार कागद लागतात. पहिलं पान शीर्षकाचं, 2 ते 15 मध्ये सात जोड्या आणि सोळाव्यावर करणाऱ्यांची नावं. आधी कोऱ्या रद्दी कागदाची नमुनाप्रत करा: चारही कागद एकत्र दुमडा, एकात एक घाला, पानं उलटत 1 ते 16 आकडे टाका आणि मग सुटे करा. सर्वांत बाहेरच्या कागदावर 16 आणि 1, त्याच्या मागे 2 आणि 15. सर्वांत आतल्यावर 10 आणि 7, मागे 8 आणि 9. कागदाच्या एका बाजूवरच्या दोन आकड्यांची बेरीज नेहमी 17 यायला हवी. नाही आली तर तिथेच थांबा. म्हणजेच शेजारी दिसणारी पानं बहुतेक वेळा वेगवेगळ्या कागदांवर असतात; फक्त 8 आणि 9 एकाच कागदावर. ज्वारी उपटणं आणि रस्सीखेच ही चौथी जोडी तिथेच येते; दोन पानांवर मिळून एकच मोठं चित्र हवं असेल तर ते तिचंच काढा.

शिवण तीन भोकांची. घडी 21 सें.मी. असते, मधलं भोक 10.5 वर, बाकीची दोन्ही टोकांपासून 3 सें.मी. आत. गोधडीचा दोरा साधारण 60 सें.मी. घ्या, मेणबत्तीवरून एकदा ओढा म्हणजे गुंतणार नाही. आतून मधल्या भोकातून बाहेर, वरच्यातून आत, आतल्या बाजूनं थेट खाली जाऊन खालच्यातून बाहेर, पुन्हा मधल्यातून आत. आत जो लांब टाका पडलाय, त्याच्या दोन बाजूंना दोऱ्याची दोन टोकं आली पाहिजेत. त्याच्यावर गाठ बांधा. दोन्ही टोकं एकाच बाजूला आली तर शिवण ढिली राहते. दोरा घडीच्या दिशेनं ओढा, काटकोनात ओढला तर भोक फाटतं.

प्रश्न: पुस्तकाच्या झेरॉक्स प्रतींमध्ये अर्धी चित्रं गायब होतात. (पालक, सांगली)

काळ्या-पांढऱ्या प्रतीत पिवळी आणि फिकट निळी पेन्सिल उमटत नाही, म्हणून बाह्यरेषा काळ्या पेननं गिरवा. कडेला 1 सें.मी. आणि घडीशी दीड सें.मी. जागा कोरी ठेवा. यंत्र काठ कापतं आणि घडी अक्षरं गिळते. स्केचपेन टाळा, रंग मागच्या पानावर उतरतो. मेणखडू चालतात, पण लेखन आधी आणि खडू नंतर. मेणावर पेन घसरतं.

प्रश्न: पहिली-दुसरीची मुलं वाचणार आहेत. मजकूर किती आणि कसा? (शिक्षिका, नाशिक)

पानावर दोन-तीन छोटी वाक्यं आणि अक्षर 1 सें.मी. उंच. चित्रात जे दिसतं ते पुन्हा लिहू नका. ‘आजी भाकरी थापते’ यापेक्षा ‘पीठ गरम पाण्यात मळलं, नाहीतर कडा तडकतात’ हे मुलाला काही देतं, कारण ज्वारीत गव्हासारखा चिकटपणा नसतो. तिफण, चाडं, माळा, कडबा हे शब्द गावात जसे बोलतात तसेच राहू द्या. ‘पेरणीयंत्र’ लिहायला लावू नका. एखाद्या मुलीच्या घरी तिफणीऐवजी पाभर म्हणत असतील तर तिच्या पानावर पाभरच.